नवव्या प्रश्नाचं उत्तर

त्या शाळेत बत्तीस शिक्षक होते आणि त्यांतला एकच जण खरं बोलला. शाळेने नेमकं त्यालाच धरलं.

प्रकरण सुरू झालं एका साध्या फॉर्मवरून. दरवर्षी मोठी सुट्टी संपली की शिक्षकांकडून आरोग्याचा फॉर्म भरून घेत. रक्तगट, चष्म्याचा नंबर, जुनी दुखणी, आणि मग यंदा नव्याने घातलेला नववा प्रश्न: ‘सवय लागणारा किंवा गुंगी आणणारा कोणताही पदार्थ आपण घेता का? असल्यास तपशील द्या.’ या प्रश्नापुढे ‘नाही’ लिहायचं असतं हे शिपायालाही ठाऊक होतं. खेळाचे सर, ज्यांना सगळी शाळा ‘शिट्टी’ म्हणे, दर सोमवारी तोंडात दोन लवंगा धरूनच मैदानावर यायचे. त्यांनी ‘नाही’ लिहिलं. मुख्याध्यापकांची दोन बोटं सिगारेटने पिवळी पडली होती. त्यांनीही त्याच बोटांत पेन धरून ‘नाही’ लिहिलं.

गणिताच्या सरांना मुलं ‘पायरी’ म्हणायची. उत्तर बरोबर आलं तरी हे सर वही परत ढकलायचे. “उत्तर शेजारच्याचंही बरोबर असतं. पायऱ्या दाखव. गुण पायरीला आहेत.” चौदा वर्षं हेच ऐकवून ऐकवून त्यांनी शेकडो पोरांना गणितातून पार केलं होतं. अशा माणसासमोर प्रश्न ठेवला तर तो सोडवणारच. त्यांनी लिहिलं: ‘होय. गांजा. शनिवारी संध्याकाळी, स्वतःच्या घराच्या गच्चीवर, एकदा. शाळेच्या आदल्या दिवशी नाही, मुलांसमोर नाही. नऊ वर्षांपासून. कारण: आवडतो.’ कारण कोणी विचारलंही नव्हतं.

हे फॉर्म गोळा करायचं काम मोठ्या बाईंकडे होतं. भाषा शिकवणाऱ्या, सत्तावीस वर्षं नोकरी झालेल्या, परीक्षा विभाग सांभाळणाऱ्या. शिक्षकांच्या खोलीत उभ्या राहून त्यांनीच सांगितलं होतं, “हे बघा, खरं खरं लिहा. पाकिटाला मी स्वतः डिंक लावणार आहे. गोपनीय आहे, कोणी वाचत नाही.” त्यांनी पाकिटाला डिंक लावला, वर लाल शाईने ‘गोपनीय’ लिहिलं आणि ते कार्यालयात दिलं. तिसऱ्या दिवशी पाकीट संस्थेच्या सचिवांच्या टेबलावर उघडं पडलेलं होतं. पायरी सर निलंबित झाले, चौकशी समिती बसली, आणि नियमात एक ज्येष्ठ शिक्षक लागतो म्हणून सचिव आणि मुख्याध्यापकांच्या जोडीला समितीत मोठ्या बाईंना घेतलं. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती तेव्हापासूनची.

कायद्याचं म्हणाल तर कायद्याने दोन वर्षांपूर्वीच त्यातून अंग काढून घेतलं होतं. मोठ्या माणसाने स्वतःच्या घरात, थोडकं, ओढलं तर पोलीस विचारायला येत नव्हते. विचारायला आली ती संस्था. तिच्या नियमावलीत तीस वर्षांपूर्वीचं एक कलम होतं: शिक्षकाने मादक पदार्थांचं सेवन करू नये. कुठे, कधी, किती, काही नाही. दारूही त्यात बसत होती, पण ते कलम कधी कोणाला लावलेलं नव्हतं. लावायचं तर संस्थेच्या वार्षिक जेवणालाच आधी लावावं लागलं असतं.

पहिल्या बैठकीनंतर सचिवांनी बाईंना बाजूला घेतलं. हा गृहस्थ पांढरेशुभ्र कपडे घालायचा, हळू बोलायचा आणि नाकाने कांदे सोलायचा. “बाई, आपल्यालाही माणूस घालवायची हौस नाही. त्यांनी एवढंच लिहून द्यावं, की पाठदुखी होती, कोणीतरी सुचवलं म्हणून घेत होतो, चूक झाली, पुन्हा होणार नाही. फाइल बंद. तुमचं ऐकतील ते.”

बाई त्याच दुपारी पायरी सरांच्या घरी गेल्या. दोन खोल्यांचं घर, वर गच्ची. भिंतीवर फळा, फळ्यावर त्यांच्या मुलीचं अर्धवट सोडवलेलं गणित. पायरी सर लुंगीवर बसून पंखा दुरुस्त करत होते. पंख्याचे सगळे स्क्रू त्यांनी लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडून ठेवले होते.

सरांची बायको आतून बाहेर आली. “चहा ठेवते बाई. साखर किती ते मात्र विचारणार नाही. आमच्या घरात आता कोणी कोणाला प्रश्न विचारत नाही.”

बाईंनी तो टोला गिळला. तो त्यांच्याच वाट्याचा होता. मग त्यांनी सचिवांचा निरोप सांगितला.

“माझी पाठ ठणठणीत आहे,” पायरी सर म्हणाले.

“अरे, मला कळतंय. पण दोन ओळींचा प्रश्न आहे. पाठ दुखते म्हण, मान दुखते म्हण, काहीही म्हण. नोकरी वाचतेय ना?”

“तुम्ही सांगितलंत खरं लिहा. मी खरं लिहिलं. आता तुम्हीच सांगताय खोटं लिही. आधी खरं सांगितलं म्हणून शिक्षा, आणि खोटं सांगितलं की माफी? हे गणित मला मुलांना शिकवता येईल का, सांगा.”

“हात दाखवून अवलक्षण केलंस तू!” बाई चिडून म्हणाल्या. “सगळे लिहितात तसं ‘नाही’ लिहिलं असतंस तर काय बिघडलं असतं? मोठा हरिश्चंद्र लागून गेलास!”

“बाई, मी हरिश्चंद्र नाही. मला वाटलं विचारलंय तर कोणाला तरी जाणून घ्यायचं असेल.” त्यांनी एक स्क्रू उचलला, ओळीत परत ठेवला. “नऊ वर्षांत एका तासाला उशीर नाही. एक वही तपासायची राहिली नाही. मी शनिवारी काय करतो ते माझं आहे. बरं, चूक असेल तर वर्गातली दाखवा ना. एक दाखवा. मी आपल्या पायांनी निघून जातो.”

बाई चहा न घेताच उठल्या. त्यांना त्याचा राग आला होता, स्वतःचा आला होता आणि सचिवांचा तर येतच होता. पण रस्त्याने चालता चालता त्यांच्या डोक्यात एक वाक्य बसून राहिलं. वर्गातली चूक दाखवा.

पुढच्या बैठकीत बाईंनी तेच मागितलं. “आरोप काय आहे? की नशेचा कामावर परिणाम होतो. मग काम तपासू. गेल्या वार्षिक परीक्षेचे पाच शिक्षकांचे गठ्ठे काढा. प्रत्येक उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावर गुणांचा तक्ता असतो, फक्त त्याच्या झेरॉक्स घ्या. विषय, सही, नाव झाका. कोणाचा गठ्ठा ते कारकुनाशिवाय कोणाला कळणार नाही. आपण तिघं बेरजा तपासू. ज्याच्या चुका जास्त, त्याचं डोकं ठिकाणावर नाही असं म्हणू.”

मुख्याध्यापक चुळबुळले. सचिवांना मात्र कल्पना फार आवडली. “उत्तम! कागदोपत्री पुरावा होईल.” त्यांच्या मनात निकाल आधीच तयार होता, आता त्याला आकडे मिळणार होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी कारकुनाने पाच गठ्ठे आणून ठेवले. प्रत्येकी चाळीस कागद, वर नुसता क्रमांक, एक ते पाच. तिघं जण पेन्सिली घेऊन बसले. पहिल्या गठ्ठ्यात एक चूक निघाली. दुसऱ्यात एकही नाही. चाळीसच्या चाळीस बेरजा चोख, आणि प्रत्येक बेरजेच्या बाजूला दोन बारीक टिंबं होती. तपासणाऱ्याने एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर मिळवून पाहिलं होतं. सचिवांनी तो गठ्ठा कौतुकाने बाजूला ठेवला. “याला म्हणतात शिक्षक. असा कोण आहे ते कळलं पाहिजे, सत्कार करू.” तिसऱ्यात दोन चुका होत्या.

चौथा गठ्ठा सचिवांकडे होता. पाचच मिनिटांत त्यांचा चेहरा उजळला. “ही बघा. ही दुसरी. अरे अरे, ही तर बघा! सात, चार, सहा, सात, पाच, तीन, सहा. किती झाले?”

“अडतीस,” मुख्याध्यापक म्हणाले.

“आणि इथे लिहिलेत सव्वीस! चौथ्या आणि पाचव्या प्रश्नाचे गुण मिळवायचेच राहिलेत. पास व्हायला पस्तीस लागतात. म्हणजे पास झालेलं पोर या माणसाने नापास केलं!” सचिवांनी कागद टेबलावर आपटला. “शुद्धीत असलेला शिक्षक असं करेल? हा आहे गांज्याचा परिणाम. सहा चुका निघाल्यात आत्तापर्यंत. आता बोला बाई, अजून काय पुरावा हवा?”

बाई कागदाकडे बघत होत्या. आकडे म्हणजे आकडे, कोणाचेही असू शकतात. पण त्या सातच्या आकड्याला मधोमध एक आडवी रेघ होती. शाळेत असताना बाईंचा सात एकच्या आकड्यासारखा दिसायचा म्हणून त्यांचे वडील ओरडायचे, तेव्हापासून त्या सातला रेघ मारत. अख्ख्या शाळेत सातला रेघ मारणारं दुसरं कोणी नव्हतं.

मागची दीड वर्षं बाई झोपेची गोळी घेत होत्या. डॉक्टरने लिहून दिलेली, औषधाच्या दुकानातून बिल घेऊन आणलेली. आधी अर्धी, मग एक, परीक्षेच्या दिवसांत दीड. सकाळी उठल्यावर डोळ्यांवर एक जाड पडदा असायचा आणि त्या पडद्यातूनच त्या गठ्ठे उपसायच्या. नवव्या प्रश्नापुढे त्यांनीही ‘नाही’ लिहिलं होतं. लिहिताना हात अडखळलाही नव्हता, कारण डॉक्टरच्या गोळीला कोण नशा म्हणतं?

गप्प बसणं सोपं होतं. नाव झाकलेलंच होतं. सचिव कारकुनाला विचारतील, कारकून सांगेल, मग कपाळाला हात लावून म्हणता येईल, अगं बाई, हे माझं होय? दोन मिनिटं तरी मिळाली असती. पण त्या माणसाचं बोलणं थांबेना. “असल्या माणसाच्या हाती मुलं द्यायची म्हणजे...”

“सर, तो गठ्ठा माझा आहे.”

“काय?”

“माझा. तो सात माझा आहे. वाटल्यास कारकुनाला बोलवा.”

कारकून आला. त्याने यादी वाचली. चौथा गठ्ठा मोठ्या बाईंचा. आणि सचिवांना ज्याचा सत्कार करायचा होता तो दुसरा गठ्ठा पायरी सरांचा.

बाईंनीच तोंड उघडलं, आणि एकदा उघडल्यावर त्यांना आवरता आलं नाही. “मी झोपेच्या गोळ्या घेते. दीड वर्ष झालं. त्या धुंदीत मी पेपर तपासले. ही मुलगी माझ्याच वर्गात आहे, या वर्षी दुसऱ्यांदा त्याच इयत्तेत बसलीय. निकालाच्या दिवशी ती रडत माझ्याकडे आली होती, बाई मी एवढं लिहिलं होतं म्हणून. आणि मी तिला काय सांगितलं माहितीये? मेहनत कर! तिचं वर्ष मी खाल्लंय. मी! त्या गच्चीवर बसणाऱ्याने नाही. आता लावा तुमचं कलम. मला लावा.”

“बाई, शांत व्हा. पाणी घ्या,” मुख्याध्यापक म्हणाले.

“तुमची गोष्ट वेगळी आहे,” सचिव हळूच म्हणाले. त्यांनी चौथ्या गठ्ठ्याचे कागद गोळा करून पालथे घातले. “औषध ते औषध. आणि बेरजेची चूक कोणाकडूनही होते.”

आत्ताच तीच चूक गांज्याचा पुरावा होती. माणूस बदलला आणि चूक माणसासारखी झाली.

निकाल चौथ्या दिवशी लागला, दोघांविरुद्ध एक. समितीच्या अहवालात गठ्ठ्यांचा उल्लेख नव्हता. तो सगळा उद्योग ‘विषयाला सोडून’ ठरला. प्रश्न कामाचा नसून विद्यार्थ्यांपुढच्या आदर्शाचा आहे, असं सचिवांनी लिहिलं आणि मुख्याध्यापकांनी पिवळ्या बोटांनी सही केली. बाईंनी खाली विरोधाची नोंद केली, ती पुरवणी म्हणून मागे टाचली गेली. कारकुनाने एकाच दुपारी दोन पत्रं छापली. एक पायरी सरांना: सेवेतून कमी करण्यात येत आहे. दुसरं मोठ्या बाईंना: कामाच्या ताणामुळे झालेली नजरचूक लक्षात घेऊन समज देण्यात येत आहे, प्रकृतीची काळजी घ्यावी.

काळजी घ्यावी! चोर सोडून संन्याशाला सुळी देणं बाईंनी मुलांना म्हण म्हणून पंचवीस वेळा शिकवलं होतं. चोराच्या प्रकृतीची वर विचारपूसही करायची असते, हे त्या म्हणीत नव्हतं.

त्या पत्र घेऊन तडक मुख्याध्यापकांकडे गेल्या. “आणि त्या मुलीचे गुण? ते कधी दुरुस्त करताय?”

“आता चार महिन्यांनी? बाई, निकाल लागून गेलाय. पालक गोंधळ घालतील, बाकीचे फेरतपासणी मागतील. या वर्षी ती पास होईलच की. झाकली मूठ राहू द्या.” मग खालच्या आवाजात म्हणाले, “आणि एक करा. गणिताला दुसरी व्यवस्था होईपर्यंत पायरी सरांच्या चाचणीचे तक्ते तुम्ही बघून घ्या. नुसत्या बेरजाच आहेत.”

या माणसाला आपण काय बोललो ते कळलंही नव्हतं. बिनचूक बेरजा करणाऱ्याला घरी बसवून त्याच्या बेरजा सहा चुका करणारीच्या हाती देत होता, आणि चष्मा पुसत होता.

“नाही,” बाई म्हणाल्या आणि बाहेर पडल्या.

शाळा सुटल्यावर त्या मुलीच्या घरी गेल्या. घरात मुलगी नव्हती, तिची आई होती. कपड्यांच्या कारखान्यात काम करणारी बाई, नुकतीच येऊन पाय धूत होती. मोठ्या बाईंनी उंबऱ्यातच उभं राहून सगळं सांगितलं. सव्वीस नाही, अडतीस. गोळी. चूक माझी. आईने आरडाओरडा केला नाही. तिने पाय पुसले, बाईंकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, “माझी पोर चार महिने घरात मान खाली घालून जेवतेय. तिच्या बापाने तिला मंद म्हटलं. ते तुम्ही परत घेऊ शकता?”

“नाही.”

“मग निदान लिहून द्या. तुमच्या हाताने. शाळेच्या कागदावर. नुसत्या तोंडी बोलण्यावर शाळा पोरीला वर चढवणार नाही, एवढं मलाही कळतं.”

बाईंनी मान हलवली. शाळेचा कागद कोणता, ते त्यांना दुसऱ्या दिवशी सापडलं. झाल्या प्रकारामुळे संस्थेने आरोग्याचे फॉर्म नव्याने भरून घ्यायचं ठरवलं होतं. खबरदारी म्हणे. मधल्या सुट्टीत कारकून एकतीस कोरे फॉर्म घेऊन आला. शिक्षकांच्या खोलीत कोणी मान वर करेना. शिट्टी सरांनी बसल्या जागी मांडीवर ठेवून फॉर्म भरला, नववा प्रश्न सगळ्यांत आधी. पायरी सरांची खुर्ची भिंतीला लावून ठेवली होती आणि तिच्यावर नकाशांची गुंडाळी टाकली होती.

मोठ्या बाईंनी दोन फॉर्म मागून घेतले आणि दाराजवळच्या टेबलाशी बसल्या. रक्तगट, चष्मा, दुखणी. मग नववा प्रश्न आला. त्यांनी लिहायला घेतलं. होय. गोळीचं नाव. किती, केव्हापासून. वार्षिक परीक्षेचे पेपर कोणत्या अवस्थेत तपासले. मुलीचा हजेरी क्रमांक. खाली सात आकडे एकाखाली एक, सातला रेघ मारून, आणि बेरीज अडतीस. त्यांनी ती वरून खाली केली, मग खालून वर केली, आणि बाजूला दोन टिंबं दिली. जागा संपली तेव्हा फॉर्मच्या मागे लिहिलं: ‘याच प्रश्नाला गणिताच्या सरांनी खरं उत्तर दिलं म्हणून ते घरी आहेत. मी मागच्या वेळी खोटं उत्तर दिलं म्हणून मी इथे आहे. पायऱ्या दाखवल्या आहेत. आता गुण द्या.’ दुसऱ्या फॉर्मवर तेच सगळं पुन्हा लिहिलं, अक्षर न अक्षर.

कारकून फॉर्म गोळा करायला आला. बाईंचा फॉर्म हातात घेताना त्याची नजर त्यावर गेली आणि तो वाकून कुजबुजला, “अहो बाई, एवढं कशाला? ‘नाही’ लिहा आणि मोकळ्या व्हा. कोणी वाचत नाही हे.”

“वाचतात,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एवढा चढला, की शिट्टी सरांच्या हातातलं पेन खाली पडलं. “एक तुमच्या पाकिटात टाका. मी डिंक लावणार नाही, उघडंच राहू दे.” दुसरा फॉर्म त्यांनी घडी घालून पर्समध्ये ठेवला. “आणि हा त्या पोरीची आई वाचणार आहे.”